कॅसेट बिराप्पा

बिराप्पा वाजवायला उभा राहिला की आधी माणसांना मागं सारायचा. बाकीच्या कलावंतांना लोक जवळ आलेले आवडतात. ह्याचं उलटं होतं. खिशातून चुन्याची पुडी काढून तो यंत्राभोवती पाच हातांवर गोल रेघ मारायचा आणि म्हणायचा, "रेघंच्या आत कुनी यायचं न्हाई. माणूस म्हंजी पान्यानं भरलेलं मडकं हाय. जवळ आलं की सूर हालतोय." लोक हसायचे. कुणीतरी मुद्दाम एक पाय रेघेच्या आत टाकायचा आणि खरोखरच यंत्र कुत्र्याच्या पिलासारखं कण्हायचं. मग तोच माणूस दचकून मागं उडी मारायचा, आणि लोक आणखी हसायचे. बिराप्पा हसायचा नाही. हातातलं चांदीचं कडं, बोटातली अंगठी, कमरेची किल्ली काढून तो रुमालात बांधायचा, डोळे मिटायचा आणि एकदम दगडासारखा स्थिर व्हायचा.

आमच्या भागात, म्हणजे बसवकल्याणपासून आळंद-अफजलपूरपर्यंत, आज कुणाला बिराप्पा आठवत असलाच तर तो 'कॅसेट बिराप्पा' म्हणून आठवतो. कॅसेट लावून लोकांना फसवणारा एक सोंगाड्या. हे नाव त्याला माझ्यामुळं पडलं. ते कसं पडलं हे सांगण्याआधी तो काय वाजवायचा आणि कसा वाजवायचा ते सांगितलं पाहिजे, कारण ज्यांनी ऐकलं त्यातले बरेच जण आता नाहीत.

बिराप्पा मुडबीजवळच्या एका वस्तीवरचा. बापाच्या मेंढ्या होत्या. सोळा-सतरा वर्षांचा असताना तो बसवकल्याणला एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लागला. त्याच्या शेजारीच माझं लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान. दोन जुने रेडिओ चालू करून एकमेकांजवळ ठेवले की कधी कधी त्यातून शिट्टी निघते, आणि हात जवळ नेला की ती शिट्टी चढते-उतरते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या सगळ्यांना हे माहीत असतं, आणि सगळे ती शिट्टी घालवण्याच्या मागे असतात. बिराप्पा ती धरून बसला. दोन-तीन वर्षं रोज दुपारी, मालक जेवायला गेला की, तो मोडक्या रेडिओतले काचेचे वॉल्व्ह जोडत बसायचा. शेवटी लाकडी खोक्यातून उजवीकडं एक उभी सळई आणि डावीकडं तांब्याच्या तारेचं एक कडं निघालं. सळईजवळ उजवा हात नेला की सूर चढायचा, दूर नेला की उतरायचा. कड्यावर डावा हात धरला की आवाज थांबायचा, वर उचलला की वाढायचा. कशालाही हात लावायचा नाही. सगळं वाजवणं हवेत.

त्यानं त्याला नाव दिलं नाही. 'येंतर' म्हणायचा. लोक म्हणायचे भुताचा बाजा.

मी त्याला पहिल्यांदा नीट ऐकलं ते एका दुपारी. दुकानात हिशेबाच्या वहीवर डोकं टेकून मी डुलक्या घेत होतो, आणि शेजारून कुणी बाई ओवी म्हणत असल्यासारखं वाटलं. जात्यावरची ओवी, शब्दांशिवाय. मी उठून पाहिलं तर दुकानात बाई नव्हती. बिराप्पा एकटा उभा होता आणि त्याचा उजवा हात हवेत थरथरत होता, बोटं एकेक करून उघडत होती, मिटत होती.

"कुठं शिकलास रे हे?" मी विचारलं.

"शिकायचं काय अण्णा? मेंढीच्या पाठीवरनं हात फिरवताना तिला बोट लागलं न लागलं असं फिरवावं लागतं. जोरात लागलं की बुजती. ह्ये बी तसंच हाय."

मी त्या दिवसापासून त्याचा माणूस झालो. माझे भोंगे, माझा अँप्लिफायर, माझा टेंपो, आणि त्याचं येंतर. लग्नं, गणपती, जत्रा. तो काळ घरोघरी टेपरेकॉर्डर यायला लागल्याचा होता, गावागावातली पोरं पुण्याला, हैदराबादला कामाला जायला लागली होती, आणि जत्रेला परत येताना काहीतरी नवं ऐकायला मागायची. नवं म्हणून लोक बिराप्पाला बोलवायचे. ऐकून मात्र गप्प होऊन जायचे, कारण तो जे वाजवायचा ते फार जुनं असायचं. आयांच्या ओव्या, मठात म्हणतात ती वचनं, आणि बायका मयताला हेल काढून रडतात ना, तो हेल. एका लग्नात नवरीची आजी काठी टेकत उठली आणि मंडपामागं जाऊन शोधायला लागली. म्हणाली, "कोन रडायलंय बघा गं, कुनाची लेक हाय ती, आत तरी घ्या तिला." तिला यंत्र दाखवलं तरी पटेना. शेवटी तिनं बिराप्पाच्याच तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाली, "तू बी कुनाला तरी गमावलंस बाबा." बिराप्पा म्हणाला, "न्हाई आज्जी, सगळी हायत. मेंढ्यासुद्धा." सगळा मंडप हसला. आजी हसली नाही.

एकदा उदगीरला गाण्याचे एक म्हातारे शिक्षक कार्यक्रमाला आले होते. त्यांनी कार्यक्रम संपल्यावर रेघेबाहेर उभं राहूनच त्याला नमस्कार केला. म्हणाले, "गळ्याला टेकायला छाती असते, सतारीला पडदे असतात. तुला कशाचाच आधार नाही. सूर कुठं आहे हे तुला कसं कळतं?" बिराप्पा म्हणाला, "चुकल्यावर कळतंय गुरुजी. त्यो चुकायच्या आधी वळायचं." मी हे वाक्य तेव्हा गमतीत घेतलं होतं.

त्याचे आणखी हट्ट होते. वाजवण्याआधी तो जेवायचा नाही. "पोट भरलं की माणूस हालतंय." पावसाळी हवेत यंत्र तासभर आधी चालू करून तापवायचा. यंत्र वॉल्व्हचं असल्यामुळं त्याला घरातली वीज लागायची, ते बॅटरीवर चालत नसे. माझा अँप्लिफायर आणि टेपरेकॉर्डर मात्र ट्रकच्या बॅटरीवर चालायचे, कारण आमच्याकडच्या विजेवर भरवसा ठेवून कुणी लाउडस्पीकरचा धंदा करत नाही. ही एवढी एक गोष्ट वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावी.

पुढं कीबोर्ड आले. एका पट्टीत शंभर वाद्यं, आणि वाजवणाऱ्याच्या अंगावर माणसं पडली तरी सूर हलत नाही. बिराप्पाची बोलावणी कमी झाली. तेव्हा मीच खटपट करून सोलापूरच्या एका कॅसेट काढणाऱ्या गृहस्थांना पत्रं लिहिली. बिराप्पाला माझ्या गोदामात उभं करून एका सकाळी नमुन्याची कॅसेट भरून घेतली. रिकामं गोदाम, मी दाराबाहेर, आत तो एकटा. तसं वाजवणं मी पुन्हा ऐकलं नाही. त्या गृहस्थांनी कळवलं की नमुना नको, प्रत्यक्ष ऐकायला येतो. भीमेकाठच्या एका गावच्या जत्रेत आमचा कार्यक्रम होता, तिथं यायचं त्यांनी कबूल केलं. बिराप्पाची कॅसेट निघाली असती तर तो मुडबीपासून मुंबईपर्यंत पोचला असता. हे त्यालाही माहीत होतं. आदल्या आठवड्यात त्यानं निंगव्वाला, म्हणजे त्याच्या बायकोला, सांगितलं होतं, "ह्यावर्षी तुझ्या माहेरात माझा आवाज वाजल, मी न जाता."

त्या गावाचं नाव मी घेत नाही. चूक गावाची नव्हती.

आम्ही दुपारी पोचलो तर मंचावर तीस खुर्च्या मांडलेल्या. आमच्याकडं मानाची माणसं खाली बसत नाहीत. पंच, पाटील, मठाचे लोक, पुण्याहून आलेले गावचे कंत्राटदार, सगळे मंचावर, कलावंताच्या पाठीशी. एरवी सत्कार आटोपून ही मंडळी उतरायची, पण त्या दिवशी फोटोवाला आलेला होता आणि कुणीच उतरणार नव्हतं. बिराप्पानं खुर्च्या पाहिल्या, चुन्याची पुडी हातात धरली आणि मला म्हणाला, "अण्णा, मी सांगतो त्यास्नी. हात जोडून सांगतो. अर्ध्या तासाचं काम हाय, खाली बसा म्हनतो."

"वेडा हायस का? तीस मानकऱ्यांना मंचावरून उतरवणार तू?"

"उतरवत न्हाई ओ. इनंती करायलो."

"मेंढपाळाच्या पोरानं विनंती केली तरी तो अपमानच असतो. पुन्हा ह्या तालुक्यात माझे भोंगे कोण बोलवील? तू गप उभा राहा. मी बघतो काय करायचं."

माझ्या शब्दाबाहेर तो कधी गेला नव्हता. पुडी त्यानं परत खिशात ठेवली.

मी काय केलं ते आता लिहितो. मंचावरची माणसं पान खाणार, उपरणं सावरणार, फोटोसाठी वाकणार, आणि दर वेळी यंत्र कण्हणार. सोलापूरच्या गृहस्थांसमोर त्याचा तमाशा होणार हे मला दिसत होतं. माझ्या पिशवीत गोदामातली ती कॅसेट होती. वाजवणं त्याचंच, हात त्याचेच. मी स्वतःला सांगितलं की ही काही फसवणूक नाही. यंत्राची वायर अँप्लिफायरला लावलेली ठेवली, तिचं बटण शून्यावर नेलं, आणि टेपरेकॉर्डर माझ्या टेबलाखाली, सतरंजीच्या आड ठेवला. बिराप्पाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो उभाच राहिला नसता.

पाटलांनी त्याला फेटा बांधला. टाळ्या झाल्या. त्यानं डोळे मिटले, आणि त्यानं डावा हात उचलण्याआधीच सूर निघाला.

त्यानं डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मी टेबलाखालून दोन्ही हात जोडले. मला वाटतं, त्या क्षणी त्याला हात खाली करता आले असते, आणि गावासमोर मी उघडा पडलो असतो. त्यानं तसं केलं नाही. त्यानं उजवा हात उचलला आणि स्वतःच्याच वाजवण्याबरोबर चालायला लागला. प्रत्येक चढ, प्रत्येक थरथर, जिथं सूर थांबला तिथं बोट थांबलेलं. पाच मिनिटं कुणालाही शंका आली नाही. मंचावरची माणसं हलत होती, खोकत होती, आणि सूर मात्र सरळ. एक पंच दुसऱ्याला म्हणाला, "उगाच म्हनतो हा, मागं सरका म्हनून. नखरं हायत नुसतं." सोलापूरचे गृहस्थ पुढं वाकून ऐकत होते.

तेवढ्यात करंट गेला.

पाटलांच्या खुर्चीजवळचा टेबलफॅन हळूहळू थांबला. यंत्राच्या खोक्यावरचा लाल दिवा विझला. ऊन होतं, सगळ्यांना सगळं दिसत होतं. आणि भोंग्यातून ओवी चालूच होती. बिराप्पाच्या लक्षात माझ्या आधी आलं. त्यानं दोन्ही हात हळूच खाली आणले आणि शिवून टाकल्यासारखे अंगाला लावले. आवाज तरी चालूच. खालून कुणीतरी ओरडलं, "ए बिराप्पा, हात तरी हालव की लेका!" दुसरा म्हणाला, "हात दमले त्याचे, बाजा दमंना!" मग जो हशा झाला तो मला अजून ऐकू येतो. मला टेपरेकॉर्डरचं बटण सापडेना. शेवटी मी बॅटरीची तार उपटली.

पाटील उभे राहिले. "काय हो साउंडवाले, काय परकार हाय ह्यो?"

मी म्हणालो, "मला काय ठाऊक मालक? त्यानंच कॅसेट दिली, लावा म्हनला. मी लावली."

हे वाक्य बोलायला मला विचार करावा लागला नाही. ते जसं काही तोंडात तयारच होतं.

पाटील बिराप्पाकडं वळले. "खरं काय रे?"

बिराप्पानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "व्हय मालक. मीच दिलती."

"फेटा राहू दे डोक्यावर. सोंगाला शोभून दिसायलाय," पाटील म्हणाले. बिराप्पानं फेटा सोडायला घेतला. लांबच लांब कापड. लोक हसत होते आणि तो एकेक वेढा काढत होता, घडी घालत होता. सगळी घडी नीट झाल्यावर त्यानं ती खुर्चीवर ठेवली, पाटलांच्या पायाला हात लावला आणि मंचावरून उतरला. सोलापूरचे गृहस्थ तोपर्यंत त्यांच्या गाडीत बसले होते.

परतताना टेंपोत आम्ही दोघंच होतो. आळंद मागं पडलं. मग मी विचारलं, "व्हय कामून म्हणालास?"

"तुमची दुकानदारी ह्या गावागावात हाय. माझं काय, मी मेंढरं राखीन." मग म्हणाला, "मी म्हनलो असतो त्यास्नी, खाली बसा म्हनून. लै तर हाकललं असतं. तुम्ही म्हनू दिलं न्हाई."

एवढंच. त्यानंतर त्या विषयावर तो माझ्याशी कधीच बोलला नाही, आणि मीही नाही.

नाव पसरायला महिना लागला नाही. दोन-तीन लग्नांत त्याला मुद्दाम बोलावलं. तो गेला, खरोखर वाजवलं, आणि लोक यंत्राखाली वाकून कॅसेट शोधत राहिले. वाकलेल्या माणसांमुळं सूर हलला की म्हणायचे, "आता कॅसेट अडकली बघ." तिसऱ्या लग्नानंतर त्यानं सळई काढून टाकली. मेंढ्याही तोवर बापानं विकल्या होत्या. तो निंगव्वाला आणि लहान रेणुकाला घेऊन पुण्याला गेला, एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन झाला. माझं दुकान वाढलं. पुढं डीजे आला, मुलानं तो घेतला.

पुण्यात मी त्याला एकदाच भेटलो. निळा गणवेश, डोक्यावर टोपी. मला पाहून तो उठला, शेजारच्या टपरीवरून चहा आणला, घरच्यांची चौकशी केली. मी भीत भीत विचारलं, "वाजवतोस का कधी?"

"जागा कुठं हाय अण्णा? एका खोलीत आमी तिघं. पाच हात मोकळं न्हाई." आणि मग, माझी कीव आल्यासारखा, म्हणाला, "तुम्ही लै विचार करू नका."

मला त्या दिवशी गेटवरच्या लोकांना, कुणालाही, ओरडून सांगता आलं असतं. मी चहा पिऊन निघालो.

काही वर्षांपूर्वी तो छातीच्या दुखण्यानं गेला. माती वस्तीवर, बापाच्या जुन्या वाड्यापाशी, म्हणजे जिथं मेंढ्या बसायच्या तिथं दिली. त्याच्या दिवसाच्या, म्हणजे तेराव्याच्या, जेवणाला मी गेलो. पंगतीत एक पोरगा शेजाऱ्याला सांगत होता, "लै हसवायचा म्हनत्यात. कॅसेट लावायचा अन् हात हालवायचा." मी पानावरून मान वर केली नाही. पण जेवण झाल्यावर निंगव्वा एका कडेला बसली होती तिथं गेलो आणि सगळं सांगितलं. खुर्च्या, सतरंजी, वायर, पाटलांना दिलेलं उत्तर.

ती रडली नाही.

"मला बी तेच सांगितलं त्यानं. मीच लावली म्हनला," ती म्हणाली. "अण्णा, संसारात भांडणं होत्यात. दर भांडनात मी तेच काढलं. लबाड हायस म्हनलं. गावाला फसवलास, मला काय खरं सांगनार म्हनलं. त्यो भाकरी खायचा अन् उठून गेटवर जायचा." मग तिनं विचारलं, "त्यो जिता हुता तवा कामून न्हाई सांगितलं?"

भीती होती म्हणालो असतो, पण तेवढंच खरं नव्हतं. त्यानं 'व्हय' म्हटल्यामुळं मला ते सोयीचं झालं होतं, आणि ती सोय मी वर्षानुवर्षं वापरली.

"आता मला सांगून काय हुनार?" निंगव्वा म्हणाली. "रेणुकाबी त्याला तसंच समजती. शाळंत असताना गावाकडचं एक पोरगं चिडवलं तवा बापाशी महिनाभर बोलली न्हाई. तुम्ही लिहून द्या. मला वाचता येत न्हाई, पर ती पुन्याच्या शाळंत शिकलीय. ती वाचल. नाव घालून लिहा, तुमचं."

मी घरी आलो, आणि लिहायलाही मला एवढी वर्षं लागली. आता मला चौऱ्याहत्तर वर्षं पूर्ण झाली आहेत.

रेणुका, तुझ्या बापानं कधी कॅसेट लावली नाही. ती लागणार हे त्याला ठाऊकही नव्हतं. ती मी, गुरुनाथ साउंडवाल्यानं लावली, आणि विचारल्यावर त्याचं नाव घेतलं. हे तुझ्या आईला वाचून दाखव. मोठ्यानं वाच.